उरलेले हातकाम : कमी किमतीची इलेक्ट्रिक गिटार घेताना आणि सुधारताना

इलेक्ट्रिक गिटार या वाद्यात सुताराची कारागिरी आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कारागिरी एकत्र आलेली असते, आणि कमी किमतीचे वाद्य निवडताना या दोहोंतील कोणता भाग पुढे बदलता येईल व कोणता येणार नाही हे ओळखणे, हा खरेदीतला मुख्य प्रश्न असतो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या बँडचे कार्यक्रम झाल्यामुळे नवी मुंबईच्या श्रोत्यांना हे वाद्य जगातल्या उत्तम वादकांच्या हाती ऐकायला मिळाले. परंतु पहिल्या पगारातून किंवा आईवडिलांनी बाजूला ठेवलेल्या पैशांतून गिटार घेणाऱ्या नवशिक्याला निवड करावी लागते ती साधारण १० ते २५ हजार रुपयांच्या आतबाहेरच. या किमतीत चांगले वाद्य मिळू शकते, मात्र ते पुरे झालेले मिळेलच असे नाही, आणि ते पुरे करण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे हे ठाऊक असल्यास पुढचा बराच खर्च वाचतो.

वाद्याची घडण

साध्या गिटारचा आवाज तिच्या पोकळ पेटीतून घुमून बाहेर येतो, तर इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते आणि तिचा आवाज ‘पिकअप’ नावाच्या भागापासून सुरू होतो. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालून केलेले वेटोळे. त्याच्यावरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले हेच तत्त्व वीजनिर्मिती केंद्रातील जनित्रातही वापरले जाते. हा क्षीण प्रवाह वाढवून ध्वनिक्षेपकापर्यंत नेण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायर करतो, त्यामुळे ऐकू येणाऱ्या आवाजातला मोठा वाटा गिटारच्या बाहेरच घडत असतो.

अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी अशी पहिली यशस्वी गिटार बाजारात आली. पुढे कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास आणलेल्या भरीव गिटारने आणि १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’ने तिचे आजचे रूप पक्के केले. फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. बिघडलेला सुटा भाग काढून नवा बसवावा, ही दुरुस्तीच्या दुकानातली सवय त्यांनी वाद्यात आणली आणि गिटारची दांडी, म्हणजे तिचा ‘नेक’, अंगाला सरसाने न चिकटवता स्क्रूने जोडली. आज स्वस्त गिटारचा जवळजवळ प्रत्येक भाग घरी बसून बदलता येतो, याचे मूळ या एका निर्णयात आहे.

मुंबईला या वाद्याची ओळख अनेक दशकांची आहे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ च्या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाण्यातली गिटार पुढे गझलगायक म्हणून प्रसिद्ध झालेल्या भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती. आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या रंगमंचावर १९८० व १९९० च्या दशकांत ‘इंडिपेन्डन्स रॉक’सारख्या कार्यक्रमांतून तरुण बँड पुढे आले. त्या पिढीला चांगली परदेशी गिटार मिळवणे अतिशय अवघड होते. आज यामाहा, आयबानेझ, कोर्ट आणि फेंडरचीच स्वस्त शाखा असलेली ‘स्क्वायर’ यांची इंडोनेशिया किंवा चीनमध्ये तयार झालेली वाद्ये सहज मिळतात, आणि १८६५ पासून मुंबईत वाद्यविक्री करणाऱ्या ‘फुर्ताडोज’च्या धोबी तलावच्या दुकानापर्यंत नवी मुंबईकराला हार्बर मार्गाच्या लोकलने सीएसएमटीला उतरून पायी जाता येते.

किंमत कोठे कमी होते

संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे लाकूड इतके अचूक कापतात की अंगाचा आकार, दांडीची जाडी आणि पडद्यांच्या, म्हणजे ‘फ्रेट्स’च्या, खाचा यांबाबत स्वस्त आणि महाग वाद्यांतले अंतर पूर्वीच्या मानाने खूप कमी झाले आहे. किंमत कमी ठेवली जाते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले ठिकाण सुट्या भागांचे : खुंट्या, घोडी म्हणजे ‘ब्रिज’, बटणे, अ‍ॅम्पची केबल जोडण्याचा जॅक आणि पिकअप हे साध्या प्रतीचे वापरले जातात. दुसरे ठिकाण हातकामाचे : पडद्यांची टोके घासून गुळगुळीत करणे, सर्व पडदे एका पातळीत आणणे आणि दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या ‘नट’ नावाच्या पट्टीच्या खाचा योग्य खोलीपर्यंत कानसणे या कामांना माणसाचा वेळ लागतो, आणि स्वस्त वाद्याच्या हिशेबात तो वेळ बसत नाही.

मराठी वाचकाला या हातकामाचे मोल मिरजेच्या उदाहरणावरून चटकन समजेल. एकोणिसाव्या शतकापासून सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर भोपळा आणि लाकूड यांचा सांगाडा उभा करून थांबत नाही, तर घोडीचा पृष्ठभाग केसभर घासत ‘जवारी’ काढतो आणि तेव्हाच तंबोरा बोलू लागतो. गिटारच्या नटाचे आणि पडद्यांचे काम याच जातीचे आहे, फक्त त्याचा हेतू उलटा आहे : जवारीत तार घोडीला हलकेच घासून झणकारावी लागते, तर गिटारमध्ये तार दाबलेल्या पडद्यावरून सुटून पुढच्या कोणत्याही पडद्याला न लागता मोकळी कंपावी लागते. दोन्हीकडे निकाल मिलिमीटरच्या लहानशा अंशावर ठरतो.

दुकानात काय पाहावे

सुटे भाग नंतर बदलता येतात, पण वाकडी किंवा पिळलेली दांडी स्वस्तात सुधारता येत नाही. म्हणून खरेदीच्या वेळी रंग आणि चकाकीपेक्षा दांडीकडे लक्ष द्यावे. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून नटाकडून घोडीकडे पाहिले असता दांडीच्या दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. त्यानंतर एखादी तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असेल तर दांडीचा बाक योग्य समजावा. फट थोडी कमी-जास्त असल्यास दांडीच्या पोटातला ‘ट्रस रॉड’ नावाचा लोखंडी गज अ‍ॅलन कीने फिरवून ती नीट करता येते, मात्र तो गज फिरतो की नाही याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी.

सहा तारा आणि २२ पडदे असलेल्या गिटारवर स्वरांच्या १३२ जागा होतात. त्या सर्व एकेक वाजवून पाहायला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि कोठे आवाज दबतो वा खरखरतो ते तेवढ्यात कळते. बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्धी होते, त्यामुळे तेथे दाबून वाजवलेला स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून काढलेला स्वर जुळले पाहिजेत. न जुळल्यास घोडीवरील स्क्रू फिरवून तारेची लांबी सुधारता येते. ऑनलाइन मागवलेल्या वाद्यावरही हीच तपासणी परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी करावी.

खरेदीची रक्कम ठरवताना अ‍ॅम्प्लिफायर विसरून चालत नाही. सगळे पैसे गिटारवर घालून उरलेल्या चिल्लरीत अ‍ॅम्प घेतला तर चांगले वाद्यही पातळ वाजते. सिडकोच्या जुन्या इमारतींत किंवा खारघरच्या उंच संकुलांत शेजाऱ्यांची भिंत एकच असते, हे लक्षात घेता हेडफोनची सोय असलेला लहान अ‍ॅम्प सरावाला पुरेसा ठरतो. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असल्यामुळे घरातील तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

लाकूड आणि खाडीकाठची हवा

भारतीय शिसवीचे लाकूड दांडीवरील बोटपट्टीसाठी जगभर वापरले जाई. शिसवीच्या कुळातील सर्व झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ मध्ये नियंत्रण आले, आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली असली तरी दरम्यानच्या काळात उत्पादक पर्यायी लाकडांकडे वळले. स्क्वायर आणि एपिफोन यांच्या अनेक स्वस्त गिटारांच्या माहितीपत्रकात आढळणारे ‘इंडियन लॉरेल’ हे असेच एक लाकूड असून ते म्हणजे सह्याद्रीत आणि विदर्भात वाढणारा, टसर रेशमाचे किडे ज्याच्या पानांवर पोसले जातात तो ऐन होय. परक्या नावाने मिळणाऱ्या या वाद्यात बोटांखाली असलेले लाकूड मराठी मुलखाला अनोळखी नाही.

लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते, आणि ठाणे खाडीला लागून असलेल्या नवी मुंबईत पावसाळ्यातील चार महिने हा ओलावा फार असतो. त्या काळात दांडीचा बाक बदलतो, तारांची उंची हलते आणि काल सुरात असलेली गिटार आज बेसूर वाटते. वातानुकूलित खोलीतून दमट खोलीत वारंवार नेल्यास हा फरक अधिक जाणवतो. घामाने व खाऱ्या हवेने पोलादी तारा लवकर गंजतात, आवाजाची बटणे खरखरतात आणि जॅकचा संपर्क तुटक होतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने पुसणे, गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून न ठेवणे आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे, हे उपाय स्वस्त आणि परिणामकारक आहेत.

सुधारणेचा क्रम

बहुतेक नवशिके सुधारणेचा विचार करताना प्रथम महागडा पिकअप बदलण्याकडे वळतात, आणि येथेच क्रम चुकतो. पिकअप तारेचे कंपन जसे असेल तसे पुढे पाठवतो. तार पडद्यांवर अडखळत असेल किंवा खुंटीवर टिकत नसेल, तर उत्तम पिकअप तोच दोष अधिक स्पष्टपणे ऐकवतो. म्हणून पहिला खर्च नव्या तारांवर आणि ‘सेट-अप’वर करावा. सेट-अप म्हणजे दांडीचा बाक, बाराव्या पडद्यापाशी साधारण दीड ते दोन मिलिमीटर राहील अशी तारांची उंची आणि प्रत्येक तारेची लांबी या तीन गोष्टी एकमेकींशी जुळवणे. हे काम जाणकार दुरुस्ती कारागिराकडून एकदा समोर बसून करून घेतल्यास पुढे स्वतः करता येते. ट्रस रॉड मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि घट्ट लागल्यास जोर करू नये.

दुसरी पायरी नटाची. खाचा उथळ राहिल्या तर पहिल्या पडद्यावर तार दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढा येतो, तर खाचा अरुंद असल्या की तार त्यांत अडकते आणि खुंटी पिळूनही सूर स्थिर राहत नाही. गिटार सुरात राहत नाही म्हणून खुंट्यांना दोष दिला जातो, पण अनेकदा दोष नटाच्या खाचेत असतो. पोकळ प्लॅस्टिकच्या नटाऐवजी हाडाचा नट नीट कानसून बसवणे हा थोड्या पैशांत मोठा फरक पाडणारा बदल आहे. त्यानंतरही सूर उतरत राहिला तरच खुंट्या बदलाव्यात, आणि त्याआधी दांडीवरील छिद्रांचा व्यास मोजून घ्यावा.

तिसरी पायरी आतल्या जोडणीची. एकाच वेटोळ्याचा, म्हणजे ‘सिंगल कॉइल’ पिकअप घरातील विजेच्या ५० हर्ट्झच्या प्रवाहामुळे गुणगुणतो. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही गुणगुण परस्पर खोडून काढणारा ‘हंबकर’ घडवला. सिंगल कॉइल पिकअप ठेवूनही गिटारच्या अंगात पिकअप व बटणांसाठी कोरलेल्या पोकळीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थिंगला जोडल्यास बाहेरून घुसणारी बरीच खरखर कमी होते. सिंगल कॉइलसाठी सहसा २५० आणि हंबकरसाठी ५०० किलो-ओहमची बटणे वापरतात. ही बटणे, कपॅसिटर आणि डाख देण्याचे सामान लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळू शकते. केवळ बटणाचा दांडा आणि त्यासाठीचे छिद्र यांची मापे जुळवून घ्यावी लागतात.

पिकअपचा क्रम शेवटचा असावा, आणि त्यालाही कारण आहे. तोवर वादकाचे काही महिने वाजवून झालेले असतात, कान तयार झालेला असतो आणि आपल्याला स्वच्छ, खणखणीत आवाज हवा की जाड, भरदार, हे त्याला स्वतःच्या अनुभवातून सांगता येते. बदललेल्या भागांची किंमत गिटार विकताना परत मिळत नाही, म्हणून जुने भाग जपून ठेवावेत आणि सुधारणेचा एकूण खर्च वाद्याच्या निम्म्या किमतीपलीकडे जाऊ लागला, तर त्याऐवजी वरच्या दर्जाचे वाद्य घेण्याचा विचार करावा.

स्वस्त गिटार घेऊन शिकणारी अनेक मुले काही महिन्यांत वाजवणे सोडतात, आणि बोटे दुखतात किंवा सूर लागत नाही याचा दोष स्वतःच्या हातांना देतात. प्रत्यक्षात तो दोष पुष्कळदा न कानसलेल्या नटाचा आणि उंच राहिलेल्या तारांचा असतो. म्हणूनच हे उरलेले हातकाम वेळेवर होणे महत्त्वाचे आहे, आणि ते एकदा होऊन संपत नाही. तंबोऱ्याची घोडी तारांनी झिजली की जवारीसाठी तो पुन्हा कारागिराकडे जातो, तशीच नवी मुंबईतली गिटार पावसाळा लागल्यावर एकदा आणि हवा कोरडी झाल्यावर पुन्हा एकदा तपासावी लागते. ज्या घरात ही तपासणी सणासुदीच्या साफसफाईइतकी नेमाने होते, तेथे दहा-बारा हजारांची गिटारही वर्षानुवर्षे सुरात राहते, आणि शिकणाऱ्याला कंटाळा येण्याआधी त्याचा हात बसतो.