पेन्शनचा वाद : हमी कोणाची, जोखीम कोणाची?



गट ऑफिसला ऊसबिलाची चौकशी करायला येणारे सभासद हल्ली जुन्या पेन्शनबद्दलही विचारतात. घरटी नाही तरी भावकीत एखादा शिक्षक, तलाठी, वनरक्षक असतोच. मार्च 2023 मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले आणि हा वाद आपल्या बांधावर आला.

समजा, आपल्यातल्याच कोणाची दोन मुले वनखात्यात लागली आणि चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या वेशीवरच्या मोहर्लीला वनरक्षक आहेत. एक 2004 ला लागला, दुसरा 2010 च्या भरतीतला. वाघाच्या जंगलात दोघांची गस्त सारखी, धोकाही सारखा. पण राज्याचा नियम 1 नोव्हेंबर 2005 पासून बदलला. पूर्ण सेवेनंतर पहिल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता, सगळे सरकारी तिजोरीतून. दुसऱ्याच्या पगारातून 10 टक्के कपात, सरकारचे 14 टक्के, आणि ती रक्कम बाजारात गुंतवलेली. पेन्शन किती बसेल ते आधी सांगता येत नाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्याला ठरलेला भाव, दुसऱ्याला साखर विकेल तसा दर.

मग जुनीच बरी, असे कोणी म्हणेल. पण तिच्यात साठवलेली गंगाजळी नसते. कालच्या नोकराची पेन्शन आजचा करदाता भरतो. माणसांचे आयुष्य वाढले तसा हा बोजाही वाढला. पाटाचे पाणी आणि रस्ते त्याच तिजोरीतून व्हायचे असतात, हे विसरून चालणार नाही.

उलट सगळे खाजगी कंपन्यांवर सोपवावे, तर चिली देशाचे उदाहरण आहे. तिथे 1981 मध्ये तसे केले. पुष्कळांच्या हाती तुटपुंजी रक्कम पडली आणि 2008 मध्ये सरकारलाच गरिबांसाठी किमान पेन्शन सुरू करावी लागली.

म्हणून आम्हांस मधली वाट बरी वाटते : कपात दोघांची, पण खाली हमीचा आधार. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेली एकीकृत योजना त्याच वळणाची आहे. 25 वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी. महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही लगोलग ती स्वीकारली.

आता आपले काय? नोकरदार हमीसाठी भांडतो. उसाला निवृत्तीच नाही. लागण झाली की खोडवा, आणि कंबर वाकली तरी फड सुटत नाही. 2 हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांसाठी 2019 पासून किसान मानधन योजना आहे. वय 18 ते 40, हप्ता वयाप्रमाणे दरमहा 55 ते 200 रुपये, तेवढाच केंद्राचा, आणि साठीनंतर दरमहा 3000 रुपये. रक्कम मोठी नाही, महागाईने ती आणखी झिजेल. पण चाळिशी उलटली की हे दारही बंद होते. घरातल्या तरण्या पोरांच्या कानावर हे आजच घाला.