दुबईला बदली आणि मुलांची शाळा

दुबईच्या नोकरीचं पत्र हाती आलं की पगार, घरभाडं, व्हिसा यांची चौकशी आठवड्याभरात होते. शाळेचं मात्र ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं होतं. दुबईत चांगल्या शाळांच्या काही इयत्ता आधीच भरलेल्या असतात. मग जागा मिळेल ती शाळा घ्यावी लागते.

तिथल्या सरकारी शाळांचं माध्यम मुख्यतः अरबी आहे. त्यामुळे बाहेरून आलेल्या जवळपास सगळ्या कुटुंबांची मुलं खासगी शाळांत जातात. या शाळांवर ‘केएचडीए’ या सरकारी संस्थेची देखरेख असते. भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन आणि आयबी हे तिथले मुख्य अभ्यासक्रम. आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली, कुठल्याच एका देशाची नसलेली पद्धत. आईवडिलांची बदली झाली तरी मुलाचं शिक्षण तुटू नये, हा तिचा मूळ हेतू.

पहिली पायरी अभ्यासक्रमाची, आणि इथे आपण उलटीकडून विचार करावा. मूल आज तिसरीत असलं तरी बारावी कुठे करणार आणि पुढे कॉलेज कुठे, याचा अंदाज आधी बांधा. दोन-चार वर्षांत परतायचं असेल, तर सीबीएसईची भारतीय शाळा सोयीची आणि स्वस्तही. वर्षाला दहा-पंधरा हजार दिरहम फीच्या अशा शाळा आहेत. महागड्या ब्रिटिश आणि आयबी शाळांची वरच्या वर्गांची फी लाखाच्या घरात जाते, तीही दिरहममध्ये. कंपनी शिक्षणभत्ता देते म्हणून महाग शाळा घेऊ नये. नोकरी बदलली की भत्ता जातो, शाळा तीच राहते.

परतून डॉक्टर व्हायचं असेल तर जास्त जपावं लागतं. ‘नीट’साठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत सहा विषय असतात. त्यांत विज्ञान गटातला एक, आणि कला गटातला विषय सोडला तर दुसरा घेता येतो. तिसरा नेहमीच्या रचनेत बसत नाही. त्यासाठी शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते, आणि हे अकरावीचे विषय ठरण्याआधीच विचारायला हवं. इंजिनिअरिंगला ही अडचण येत नाही, कारण गणिताचा गट वेगळा आहे. महाराष्ट्रातल्या मेडिकल कॉलेजांच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते, हेही ध्यानात ठेवा. दहावी दुबईत झाली की ती वाट बहुतेकांना बंद होते, आणि हे कळतं ते अर्ज भरताना.

दुसरी पायरी इयत्तेची. ब्रिटिश शाळेतलं ‘इयर फाइव्ह’ म्हणजे आपली पाचवी नव्हे, चौथी. ‘इयर वन’ हा आपल्या सीनियर केजीच्या जागी येतो. ‘एक वर्ष पुढे घेतलं’ म्हणून खूश झालेले पालक आणि ‘एक वर्ष मागे टाकलं’ म्हणून भांडणारे पालक, दोघेही इथेच फसतात.

भारतीय शाळांचं वर्ष तिथेही एप्रिलमध्ये सुरू होतं आणि वय ३१ मार्चला मोजतात. ब्रिटिश, अमेरिकन आणि आयबी शाळा ऑगस्टअखेर उघडतात. त्यांची वय मोजायची तारीख ३१ ऑगस्ट होती, ती २०२६-२७ पासून ३१ डिसेंबर केली आहे. सीबीएसईच्या चौथीत चार महिने बसलेलं मूल ऑगस्टमध्ये ब्रिटिश शाळेत गेलं, तर तेच वर्ष पहिल्यापासून सुरू होतं. जुलैत परतलं, तर इथल्या वर्षाचा पहिला भाग निघून गेलेला असतो. बदलीची तारीख आपल्या हाती असेल तर ती या दोन कॅलेंडरांवर टाकून बघा.

तिसरी पायरी शाळा पारखण्याची. केएचडीए तपासणीनंतर शाळेला दर्जा देते आणि तपासणीचे अहवाल कोणालाही वाचता येतात. ‘आउटस्टँडिंग’ एवढाच शब्द बघून थांबू नका. तो कोणत्या वर्षीचा आहे ते पाहा, आणि आपलं मूल ज्या टप्प्यात जाणार तिथे काय लिहिलंय ते वाचा. बालवाडी उत्तम आणि माध्यमिक जेमतेम, असंही असतं. शाळेच्या बसचा रस्ताही आधीच विचारा. भाडं वाचतं म्हणून शारजात घर आणि दुबईत शाळा अशी सांगड घालणाऱ्यांच्या मुलांचे रोजचे कितीतरी तास रहदारीत जातात.

चौथी पायरी कागदांची. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पासपोर्ट, व्हिसा, जन्माचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं लागतात. दुसरीपासून पुढे शाळा सोडल्याचा दाखलाही लागतो. या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीची वकिलात, असं साक्षांकन, म्हणजे ‘हा कागद खरा आहे’ असे शिक्के, घ्यावं लागतं. कुठले शिक्के हवेत ते नव्या शाळेकडून लेखी मागवा. घर आवरून विमानात बसल्यावर दाखल्यासाठी पुण्यात कोणाला तरी हेलपाटे घालायला लावणं फार जिवावर येतं.

नावाचं प्रकरण तर खास आपलं. दाखल्यावर ‘कुलकर्णी आरव संदीप’, पासपोर्टवर नाव ‘आरव संदीप’ आणि आडनाव ‘कुलकर्णी’, जन्मदाखल्यावर नुसतंच ‘आरव’. काही जन्मदाखल्यांवर तर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून घ्या. शाळेचा दाखला काढतानाही नावाचं स्पेलिंग पासपोर्टसमोर धरून तपासा. काउंटरवरून हलण्याआधी जन्मतारीखही वाचा.

पाचवी पायरी पैशांची. जागा पक्की करायला शाळा वर्षाच्या फीच्या दहा टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊ शकते आणि ती पुढे फीतून वळती होते. बस, गणवेश, पुस्तकं, परीक्षेची फी हे सगळं वेगळं. मध्येच सोडायची वेळ आली तर काय परत मिळतं, हे पालक-शाळा करारात लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते पान वाचा. सत्र सुरू होऊन महिना उलटला की पूर्ण सत्राची फी जाते.

एवढं झालं की मूल शाळेत बसतं. तिथे नववीपर्यंत अरबी सक्तीची आहे. मोठ्या वयात गेलेल्या मुलांना ती सुरुवातीला जड जाते; नवशिक्यांचा वेगळा गट आहे का ते विचारा. दुसरी भाषा म्हणून मराठी बहुधा मिळत नाही. महाराष्ट्रात मात्र २०२० च्या कायद्याने ती सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली आहे. सहावीत परतलेल्या मुलापुढे मराठीचा पेपर येतो, तेव्हा बोलता येणं पुरत नाही. बालभारतीची पुस्तकं सामानात टाका आणि आठवड्यातून दोनदा तरी मुलांकडून थोडं लिहून घ्या.