जमीन आधी थरथरते का?

दोस्तांनो, आपल्या ठाण्यातल्या टेंभी नाक्याची मानाची दहीहंडी पाहिलीय ना? थरावर थर चढतात आणि सगळ्यांच्या माना वर! पण यंदा एक गंमत करा. वर बघूच नका. सगळ्यात खालच्या थरातल्या दादांच्या पायांकडे बघा.

पोटऱ्या थरथरतायत. कुणाची टाच जराशी सरकली. कुणी खांदा सावरला. आणि पुढच्याच क्षणी... धप्प! अख्खा मनोरा खाली! वरच्या बाळगोविंदाला पत्ताच नव्हता, पण खालच्या पायांना ते आधीच कळलं होतं.

मग मोठा भूकंप येण्याआधी जमीनही अशीच थरथरत असेल का?

ओळखा पाहू! हो, कधीकधी थरथरते!

आपल्या पायाखाली खोलवर खडक आहेत. त्या खडकांत लांबच लांब भेगा आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना रेटत असतात, अगदी खांद्याला खांदा लावलेल्या गोविंदांसारखे! वर्षानुवर्षं ताण वाढत जातो. शेवटी पकड सुटते आणि खडक सर्रकन सरकतो. तोच भूकंप! पण काही वेळा मोठी पकड सुटायच्या आधी छोट्या छोट्या पकडी सुटतात. त्या धक्क्यांना म्हणतात पूर्वधक्के.

आपल्या महाराष्ट्रातच असं घडलंय. सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. 1962 पासून तिथे पाणी साठू लागलं आणि लवकरच छोटे छोटे धक्के जाणवायला लागले. पाण्याचा आणि धक्क्यांचा काय संबंध? सांगते! गोविंदांवर बादल्यांनी पाणी मारतात ना? ओल्या खांद्यावरून पाय कसा सटकतो! पाणी खडकांच्या भेगांत शिरलं की तिथलीही पकड सैल होते. ताण आधीपासून असतोच, पाणी फक्त निमित्त होतं.

13 सप्टेंबर 1967 ला तिथे चांगलाच जोराचा धक्का बसला. आणि तीनच महिन्यांनी, 11 डिसेंबरच्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी, 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची घरं कोसळली. कितीतरी माणसं झोपेतच गेली. पार मुंबईपर्यंत जमीन हलली!

मग काय, सोप्पंच आहे! छोटे धक्के आले की समजायचं, मोठा येणार!

थांबा, थांबा! हंडीच्या वेळी पाय तर कितीदा थरथरतात. दरवेळी मनोरा पडतो का? नाही ना!

डहाणू आणि तलासरीचंच बघा. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हे तालुके आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. नोव्हेंबर 2018 पासून तिथे धक्क्यांमागून धक्के बसू लागले. भर थंडीत लोक मुलाबाळांना घेऊन घराबाहेर तंबूत झोपायचे. पण कोयनेसारखा मोठा भूकंप? आलाच नाही!

चीनमध्ये तर दोन वर्षांत दोन तऱ्हा झाल्या. 1975 च्या फेब्रुवारीत हायचेंग गावाजवळ खूप पूर्वधक्के बसले. लोकांना वेळीच घराबाहेर काढलं आणि हजारोंचे जीव वाचले. केवढा आनंद! पण पुढच्याच वर्षी जुलैत तांगशान शहरात भूकंप आला, तो पूर्वधक्क्यांशिवाय. तिथे दोन लाखांहून जास्त माणसं गेली.

खरी मेख इथेच आहे. साधा छोटा धक्का आणि पूर्वधक्का, भूकंप टिपणाऱ्या यंत्रावर दोघांची नागमोडी रेघ सारखीच दिसते! म्हणून 'अमक्या तारखेला भूकंप येणार' असा निरोप फोनवर आला, तर खुशाल खोटा समजा. तारीख आणि वेळ आज जगात कुणालाच सांगता येत नाही.

पण शास्त्रज्ञ हार मानतात की काय? छे! त्यांनी ठरवलं, पायांची थरथर बघायची तर पायांपाशीच जायचं!

कोयनेजवळच्या गोठणे गावात त्यांनी जमिनीत भोक पाडलं. किती खोल? तब्बल 3 किलोमीटर! आपल्या ठाणे स्टेशनापासून जवळजवळ मुलुंड स्टेशनापर्यंत, पण सरळ खाली! 2017 मध्ये ते पूर्ण झालं. आधी सव्वा किलोमीटरभर सह्याद्रीचा काळा कातळ लागला आणि त्याच्याखाली निघाला वेगळाच, कोट्यवधी वर्षं जास्त जुना, ग्रॅनाइटसारखा खडक! वर गाड्यांचा, माणसांचा, वाऱ्याचा गोंगाट असतो. खोलात मात्र बारीकशी थरथरही यंत्राला टिपता येते. हे काम कऱ्हाडच्या प्रयोगशाळेतून चालतं. कोयनेचे भूकंप एका लहानशा भागातच होतात, म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांचं तिकडे लक्ष असतं!

आणि तोवर आपण काय करायचं? ऐका, यातही एक गंमत आहे! जमिनीच्या पोटातून धावणाऱ्या भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या असतात. पहिली चपळ, सेकंदाला साधारण 6 किलोमीटर पळणारी, पण हलकीशी. दुसरी सेकंदाला साडेतीन किलोमीटर जाणारी, पण जोरात हलवणारी. समजा, डहाणू-तलासरीकडे मोठा भूकंप झाला. तिथून टेंभी नाका साधारण 100 किलोमीटर. दुसरी लाट इथे यायला सुमारे 29 सेकंद लागतील! तेवढ्यात तिकडच्या फोनांनी पहिली लाट ओळखली, तर इकडच्या फोनांवर भोंगा वाजू शकतो. हो, फोनमध्ये हालचाल ओळखणारा इवलासा भाग असतो! अँड्रॉइड फोनवर ही सोय भारतात 2023 मध्ये आली.

लाट ओळखण्यात आणि निरोप पोहोचण्यात काही सेकंद जातात. म्हणजे हातात किती वेळ? 15-20 सेकंद! एवढ्यात काय होणार म्हणता? आज वर्गात बाईंना विचारून करूनच बघा. एकाने आकडे मोजायचे. बाकीच्यांनी बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा. पैज लावते, दहा म्हणायच्या आत अख्खा वर्ग बाकाखाली असेल!