जुन्या गाडीच्या इंजिनातला ठोका : आधी कान द्या, मग पैसे

सिंदेवाही परिसरात जुन्या बोलेरोला गिऱ्हाईक नाही असे सहसा होत नाही. धानाचा हंगाम, लग्नसराई, झाडीपट्टीतील नाटकांचे दिवस, मूल-नागभीडकडची ये-जा, या साऱ्यात ही गाडी राबते. नवी गाडी घेण्याइतके भांडवल नसलेला आणि व्याजाच्या कर्जापासून दूर राहू इच्छिणारा आपला व्यापारी दोन-अडीच लाख किलोमीटर धावलेली गाडी रोखीने घेतो. वर्षानुवर्षांची बचत एका दिवसात दुसऱ्याच्या हाती जाते आणि महिनाभरात इंजिन ठकठक करू लागते. मग एक मेकॅनिक म्हणतो नोझल गेले, दुसरा म्हणतो बेअरिंग मारते, तिसरा सांगतो की सगळे इंजिन उतरवा. तिघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

डिझेल इंजिनाला आवाज असतोच, हे आधी समजून घेतले पाहिजे. सिलिंडरमध्ये हवा दाबून तापते, त्यात डिझेलचा फवारा पडतो आणि ते आपोआप पेट घेते. इंजिन थंड असेल तर पेट घ्यायला क्षणभर उशीर होतो, तोवर साचलेले डिझेल एकदम जळते आणि कडक आवाज येतो. डिसेंबरच्या पहाटे असा आवाज करणारी आणि दहा मिनिटांत शांत होणारी गाडी आजारी समजू नये. उलट थंडपणी गोड वाटणारी आणि इंजिन तापले की खालून ठोके देणारी गाडी धोक्याची. पिस्टन सैल झाल्याचा आवाज गरम झाल्यावर कमी होतो, कारण पिस्टन फुगून फट भरते. बेअरिंगचे नेमके याच्या उलट आहे. ऑइल पातळ झाले की बेअरिंगची झिजलेली फट उघडी पडते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा हे लवकर कळते.

म्हणून गाडी पाहायला जायचे तर फजरची नमाज आटोपून जावे आणि चावी फिरवण्यापूर्वी बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवावा. इंजिन कोमट असेल तर मालकाने ते आधीच चालवून ठेवले आहे हे उघड आहे. मग चावी अर्धी फिरवावी. ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर बल्ब काढलेला किंवा वायर तोडलेली असू शकते. गरम इंजिनात मंद चालीवर ऑइलचा दाब पडतो आणि दिवा फडफडतो. ही फडफड दिसू नये म्हणून केलेली ही जुनी युक्ती आहे. ऑइलची पट्टीही काढून पाहावी. ऑइल चिकट, गुळाच्या पाकासारखे वाटले तर आवाज दाबण्यासाठी जाड ऑइल भरल्याचा संशय घ्यावा. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे आणि असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

आता आवाजाची जागा. कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकण्याची आपल्या उस्तादांची पद्धत आजही चांगली आहे. वरच्या झाकणाखाली हलकी टिकटिक असेल तर टॅपेट. त्याची फट फीलर गेजने बसवली की बहुधा काम भागते. एका बाजूने टोकदार, धातूवर खिळा मारल्यासारखा आवाज असेल तर नोझल. खाली ऑइलच्या चेंबरकडून, एक्सलरेटर दाबताच वाढणारा भरीव ठोका आला तर तो कॉनरॉडच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर इंजिनाला हात लावण्याआधी क्लचकडे पाहावे. तुटलेले इंजिन माउंटिंग, सैल पुली, अल्टरनेटरचे बेअरिंग यांनीही भल्याभल्यांना फसवले आहे. पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवले तर यांतले निम्मे संशय फिटतात.

नोझल की बेअरिंग, हा खरा घोळ येथेच होतो. जुन्या डीआय इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट, वर कापड धरून, थोडा ढिला करतात. त्या सिलिंडरचे डिझेल बंद होते. ठोका थांबला की अनेक जण लगेच म्हणतात, नोझल सापडले. परंतु त्या सिलिंडरमधला जाळ थांबला म्हणजे त्याच्या बेअरिंगवरचा भारही उतरला, त्यामुळे बेअरिंगचा ठोकाही कमी होतो. या परीक्षेने फक्त सिलिंडर सापडतो, दोष नाही. पुढची पायरी म्हणजे ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावणे. ठोका नोझलसोबत सरकला तर दोष नोझलचा. जागेवरच राहिला तर खाली उतरावे लागेल. तासाभराचे हे काम टाळून लोकांच्या खिशातून संपूर्ण इंजिनाचे पैसे काढले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

येथे कारागीर बंधूंना एक कळकळीची सूचना आहे. सीआरडीई आणि एमहॉक जातीच्या इंजिनांत, म्हणजे कॉमन रेलच्या गाड्यांत, चालू इंजिनाचा पाइप कधीही ढिला करू नये. त्या पाइपात हजार बारहून अधिक दाब असू शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशी जखम झाली तर पट्टी बांधून घरी बसू नये, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जावे. या इंजिनांत एकेका इंजेक्टरचे काम थांबवून पाहायचे असेल तर ते स्कॅनरने करावे.

बेअरिंगचा संशय पक्का झाला तर ऑइल स्वच्छ भांड्यात काढून उन्हात पाहावे. चमकणारे कण चुंबकाला चिकटले तर लोखंड झिजते आहे. तांबूस किंवा रुपेरी कण चिकटत नसतील तर ते बेअरिंगचे. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उघडली तर पुरावा आणखी स्पष्ट होतो. अशी गाडी एक दिवसही चालवू नये. वेळीच थांबली तर बेअरिंगचा जोड बदलून निभावते. क्रँकवर चरे पडले तर तो घासून दहा किंवा वीस साइजचे बेअरिंग घालावे लागते. आणि ओढत राहिले तर कॉनरॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. सिंदेवाहीच्या जंगलरस्त्यावर रात्री भरल्या गाडीत असे झाले तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. ब्रह्मपुरी वनविभागातील वाघांबद्दल येथल्या कुणाला वेगळे सांगायला नको.

क्रँक मायक्रोमीटरने न मोजता नुसते नवे बेअरिंग घालणे आणि ऑइल पंप व जाळी न तपासताच इंजिन बंद करणे, या दोन घाईंमुळे केलेले काम काही महिन्यांत परत येते.

राहिला प्रश्न विकणाऱ्याचा. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले. हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. जाड ऑइल भरून ठोका दाबणे आणि ओले धान्य ढिगाखाली लपवणे यांत काय फरक आहे? यात मालक जितका दोषी तितकाच पैसे घेऊन ऑइल भरून देणारा गॅरेजवालाही. ‘जशी आहे तशी’ म्हणून गाडी विकली की आपण सुटलो, असेही काहींना वाटते. हनफी फिकहमध्ये दोषांची जबाबदारी न घेण्याच्या अटीवर सौदा वैध धरला आहे हे खरे; पण माहीत असलेला दोष लपवण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. तशी अट नसेल आणि विक्रीपूर्वीचा छुपा दोष निघाला तर माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क, म्हणजे खियार-ए-ऐब, उभा राहतोच.

याहून सोपा मार्ग खियार-ए-शर्तचा आहे. तीन दिवसांत गाडी परत करता येईल, ही अट सौद्याच्या कागदावरच लिहून दोघांनी सह्या कराव्यात. फॉर्म 29 आणि 30 वरच्या सह्या होतच राहतील. त्याआधी गाडी पूर्ण भाराने मूलपर्यंत नेऊन आणावी, परतल्यावर गरम इंजिन मंद चालीवर ठेवून ऑइलचा दिवा पाहावा आणि दुसऱ्या पहाटे ती थंड असताना पुन्हा एकदा सुरू करून ऐकावी. दोष नसलेल्या गाडीचा मालक या अटीला सहसा नकार देत नाही.