सीमारेषा आणि सीमापट्टा : सेयनी येथील ‘पोग्रानिचे’ संस्थेचे कार्य

पोलिश भाषेत ‘ग्रानीत्सा’ म्हणजे सीमारेषा. हाच स्लाव्ह शब्द मध्ययुगात जर्मन भाषेने उचलला व तेथे त्याचे ‘ग्रेन्त्से’ झाले. त्यापासून साधलेला ‘पोग्रानिचे’ हा शब्द मात्र रेषेचा वाचक नाही. सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या, संमिश्र वस्तीच्या पट्ट्याचा तो वाचक आहे. पोलंडच्या पूर्वेकडील जुन्या मुलखासाठी पोलिश वाङ्मयात अधिक रूढ असलेला शब्द ‘क्रेसी’ हा होय. त्याचा मूळ अर्थ शेवट किंवा टोक. एखादा मुलूख ‘टोक’ वाटतो तो केंद्रस्थानी उभे राहून पाहणाऱ्यास. तेथे नांदणाऱ्याच्या दृष्टीने तो मध्यच असतो. १९९० साली क्शिश्तोफ चिझेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने स्वतःसाठी ‘पोग्रानिचे’ हे नाव घेतले. या निवडीतच त्याचे धोरण सामावलेले आहे.

प्रतिष्ठानाचे कार्यस्थान सेयनी हे पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यातील, लिथुआनियाच्या सीमेलगतचे लहानसे नगर आहे. पोल, लिथुआनियन आणि यिडिशभाषी यहुदी हे तेथील प्रमुख समाज होते. सतराव्या शतकातील रशियन चर्चच्या सुधारणा अमान्य करून आश्रयास आलेल्या रशियन ‘जुन्या श्रद्धावंतां’ची खेडीही याच परिसरात आहेत. लिथुआनियन कवी अंतानास बारानाउस्कास हे १८९७ पासून १९०२ मधील मृत्यूपर्यंत सेयनीचे बिशप होते. लिथुआनियन बोलींच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते; तथापि पोलिश भाषाही त्यांना तितकीच जवळची असल्यामुळे दोन्हीकडील राष्ट्रवादी त्यांच्याकडे संशयाने पाहत.

पुढे हा संशय रणांगणावर उतरला. १९१९ व १९२० या दोन वर्षांत सेयनी पोलिश व लिथुआनियन सैन्यांच्या हाती आलटून पालटून गेले आणि अखेर पोलंडमध्ये राहिले. १९३९ मध्ये जर्मनांनी नगरातील यहुद्यांना हुसकून लावले. त्यांचे ‘पांढरे सिनेगॉग’ उभे राहिले. त्यात प्रार्थना करणारे उरले नाहीत.

१९९१ पासून ‘पोग्रानिचे’चे केंद्र सेयनीत कार्य करीत आहे. सिनेगॉग व त्यालगतची जुनी यहुदी पाठशाला या वास्तू त्याच्या उपयोगात आहेत. येथे एक मूलभूत प्रश्न उद्भवतो : ज्या समाजाचे लोकच उरले नाहीत, त्याच्या वारशाचा वारस कोण? ‘ज्याचा वारसा त्याने राखावा’ हे तत्त्व येथे लागू करता येत नाही, कारण राखणारा अस्तित्वात नाही. संस्थेचे उत्तर असे की, अशा ठिकाणी दायित्व शेजाऱ्याकडे जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या ‘सेयनीची बखर’ या उपक्रमात नगरातील मुलांनी घरातील वृद्धांकडून जुन्या वस्तीच्या हकिकती ऐकल्या, नगराची मातीची प्रतिकृती घडविली आणि त्यांतून नाट्यप्रयोग उभा केला. केंद्राच्या क्लेझ्मर वाद्यवृंदात यहुदी संगीत वाजविणारे तरुण बहुतांशी यहुदी नाहीत.

या कार्याची मर्यादाही स्पष्ट करणे आवश्यक आहे. गीत जिवंत झाले म्हणून भाषा जिवंत होत नाही. सेयनीत यिडिश आज ऐकू येते ती गायनात. बाजारात किंवा घरात नव्हे. लिथुआनियनची स्थिती याहून भिन्न आहे. जवळच्या पुन्स्क परिसरात ती बहुसंख्यांची मातृभाषा असून २००५ च्या पोलिश अल्पसंख्याक कायद्यान्वये तिला तेथील स्थानिक कारभारात साहाय्यक भाषेचे स्थान मिळाले आहे. नांदत्या भाषेस शाळा, उपासना व कार्यालय यांची गरज असते, तर नाहीशा झालेल्या भाषेस स्मरणाची. दोहोंना एकाच ‘लोकसंस्कृती’च्या मांडवात बसविले, तर पहिलीची मागणी नजरेआड होते आणि दुसरीचे मरण सुशोभित होते.

हा दुसरा धोका संस्थेने ओळखला होता, याचा पुरावा तिच्या प्रकाशनांत सापडतो. १९४१ च्या जुलैमध्ये येद्वाब्ने या गावी पोलिश रहिवाशांनी आपल्याच यहुदी शेजाऱ्यांची हत्या केली. या घटनेवरील यान तोमाश ग्रोस यांचा ‘शेजारी’ हा ग्रंथ पोलिशमध्ये प्रथम प्रसिद्ध झाला तो २००० साली, आणि प्रकाशक होते ‘पोग्रानिचे’. त्यावरून पोलंडमध्ये प्रचंड वादळ उठले. वारशाचे दायित्व शेजाऱ्याकडे जाते असे मानणाऱ्या संस्थेस शेजाऱ्याच्या अपराधाची नोंद टाळता येत नव्हती. केवळ सुरेल सहजीवनाचे चित्र रंगविले असते, तर सिनेगॉग रिकामे का पडले, हे मुलांना कधीच उमगले नसते.

नोबेल पारितोषिक विजेते कवी चेस्वाव मिवोश यांचा जन्म लिथुआनियातला, लेखन पोलिशमधले. सेयनीनजीक क्रास्नोग्रूदा येथे त्यांच्या मातुल घराण्याचा वाडा होता. त्याचा जीर्णोद्धार करून ३० जून २०११ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, संस्थेने तेथे नवे केंद्र उघडले.

सीमाप्रदेशांतील भाषांचा अभ्यास बहुधा नकाशावरील भाषिक सीमारेषांपासून सुरू होतो. ती पद्धत उपयुक्त आहेच. परंतु बारानाउस्कास किंवा मिवोश यांस त्या रेषेच्या कोणत्या बाजूस ठेवावे, हे ती सांगू शकत नाही. अशा व्यक्ती आणि अशी नगरे ध्यानात घ्यावयाची, तर रेषेऐवजी पट्टा हेच अभ्यासाचे एकक मानावे लागेल, आणि त्या पट्ट्यावर आज कोणत्या भाषा बोलल्या जातात याबरोबरच कोणत्या थांबल्या व कोणामुळे थांबल्या, याचीही नोंद घ्यावी लागेल.