हसविणाऱ्याची कोंडी

लक्ष्मीकांत बेर्डे यांची कारकीर्द मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत असताना आकारास आली. ‘टुरटुर’ या नाटकाने त्यांना नाव मिळवून दिले. ‘धुमधडाका’ (१९८५) व ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटांनी ते घराघरांत पोहोचले. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) पासून हिंदीतही त्यांच्या वाट्याला बहुधा विनोदी भूमिकाच आल्या. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित, पु. ल. देशपांडे लिखित ‘एक होता विदूषक’ (१९९२) मध्ये मात्र त्यांनी तमाशातून चित्रपटात गेलेल्या सोंगाड्याची व्यथा समर्थपणे साकारली. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला, पण तिकीटबारीवर तो चालला नाही. प्रेक्षकांना हवा होता तो हसविणारा ‘लक्ष्या’च. १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.