आईचं ‘विसरणं’ आणि हॉर्मोन्सची गोळी

दूध उतू गेलं, चष्मा फ्रीजमध्ये सापडला, शेजारच्या काकूंचं नावच आठवेना... घरात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची आई असेल, तर हा सीन तुमच्या ओळखीचा असेल. त्यात रात्री दोन वाजता फॅन फुल स्पीडवर! ‘आई, हल्ली फारच वेंधळी झालीयेस तू,’ असं आपण हसत म्हणतो. ती मात्र मनातून टरकलेली असते. आजीसारखं तर होणार नाही ना आपलं?

रिलॅक्स! पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन उतरतं, आणि मेंदूलाही त्याची सवय असते. वर घामाने झोपेचं खोबरं. मग ऐनवेळी शब्द दगा देतात. डॉक्टर याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. हा डिमेन्शिया नव्हे, आणि बहुतेकींचं हे धुकं पुढे विरळ होतं.

मग हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी, म्हणजे एचआरटी घ्यावी का? इथला गोंधळ जुना आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या ट्रायलमधला दोन हॉर्मोन्सच्या गोळीचा भाग २००२ मध्ये अर्ध्यातच थांबवला गेला. २००३ मध्ये मेंदूचा रिपोर्ट आला. गोळी घेणाऱ्यांत ४० जणींना डिमेन्शिया, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत २१. झालं! बायकांनी धडाधड गोळ्या बंद केल्या. पण बारीक अक्षरातलं वाचलं कुणी? या साडेचार हजार जणी सगळ्या पासष्टीच्या पुढच्या होत्या. त्यांचा निकाल लावला गेला पन्नाशीच्या बाईला!

पुढे ‘कीप्स’ ट्रायलमध्ये नुकतीच पाळी गेलेल्या ७२७ जणी घेतल्या. चार वर्षं हॉर्मोन्स देऊनही स्मरणशक्ती ना बिघडली, ना सुधारली. सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तरी तेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डिमेन्शियाचा चौकटीतला इशारा काढायचं जाहीर केलं. म्हणून एचआरटी लगेच मेंदूचं टॉनिक ठरत नाही हं. हॉट फ्लशेसवर ती एकदम असरदार, पण अल्झायमर टाळायला म्हणून घेण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या दोन्ही ओव्हरीज कमी वयातच काढल्यात, त्यांची केस वेगळी. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ एवढंच सांगतात, ओव्हरीज ठेवल्या की नाही हे कित्येकींना माहीतच नसतं! अशांना साधारण पाळी जाण्याच्या वयापर्यंत हॉर्मोन्स देण्याचा सल्ला डॉक्टर देतात.

तेव्हा हाफ-डे टाका आणि आईबरोबर गायनॅककडे जा. ऑपरेशनचे जुने कागद घ्या. घरात ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गाठी असं काही असेल तर तेही सांगा. आई स्वतःहून बोलणार नाही.